तारुण्यपीटिका : हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह करावयास संपादक मंडळातील विद्यार्थी आले, तेव्हा ‘वेळेचे महत्त्व’, ‘ग्रंथ हेच गुरू’ असे नेहमीचे विषय त्यांनी माझ्यापुढे ठेवले. हे विषय थोर आहेत यात संशय नाही. परंतु माझ्या मनात बरेच दिवस एक निराळाच विषय घोळत होता. तो मी सांगताच मुले एकमेकांकडे पाहून हसली. आणि त्यांतील दोघांचा हात नकळत आपल्या गालाकडे गेला. ते पाहून माझा निश्चय पक्का झाला. तो विषय म्हणजे तारुण्यपीटिका. घरी आपण त्यांना मुरूम किंवा पुटकुळ्या म्हणतो, आणि दाना ओलीतून बाजारात पाऊल टाकले की ‘मुँहासे’ किंवा नुसते ‘दाने’.

या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी विचारील. मी वैद्य नव्हे. माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा होता. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्याला मोठी भूमिका दिली होती. त्याच्या कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्यांचे दाट पुंजके उठले होते, आणि तो बोलताना मान खाली घालू लागला होता. एके दिवशी तालमीत मी सहज म्हणालो, “अरे, मान वर कर! हे तर वयाचे अलंकार. मिसरूड फुटते तसेच हे.” सारे हसले; तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो तालमीला आला नाही. पुढे वर्गाच्या छायाचित्राच्या दिवशीही तो गैरहजर होता. काही महिन्यांनी त्याची आई शाळेत आली, तेव्हा खरी हकीकत कळली. कोणा दुकानातून चिठ्ठीवाचून त्याने एक मलम आणले होते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा आरशासारखा स्वच्छ झाला. मग गाल लालभडक होऊ लागले, उन्हात आग होऊ लागली आणि मलम थांबवताच पुटकुळ्या दुपटीने उसळल्या. म्हणून त्याने ते पुन्हा लावले, आणि लावीतच राहिला. ज्या विनोदावर सारा वर्ग हसला, त्यानेच त्या मुलाला दुकानाची वाट दाखविली, हे मला त्या दिवशी उमगले.

आपल्या पूर्वजांनी या व्याधीची नोंद फार पूर्वी केली आहे. सुश्रुतसंहितेत तिला ‘मुखदूषिका’ म्हटले असून तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. तेथे तिची गणना क्षुद्ररोगांत केलेली आहे. जिवावर बेतणाऱ्या व्याधींच्या मानाने ती क्षुद्र खरी. पण क्षुद्र झाला तरी तो रोगच, हेही त्या शब्दात आले. आपण मात्र ‘क्षुद्र’ एवढेच ध्यानात ठेवले आणि ‘रोग’ हा शब्द सोडून दिला. ‘वयाचा परिणाम आहे, लग्न झाले की जातील,’ असे म्हणून वडील माणसे मोकळी होतात. वस्तुतः हे अर्धसत्य आहे. सौम्य पुटकुळ्या वयाबरोबर जातातही. पण ज्या महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतात, खोलवर गाठी धरतात आणि दुखतात, त्या जाताना खड्डे आणि व्रण मागे ठेवून जातात. पुटकुळी जाते, खड्डा जन्मभर राहू शकतो.

मग हे होते कशाने? त्वचेतील रोमकूपांजवळ तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरात काही संप्रेरके वाढतात, त्यांच्यामुळे या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते, आत तेल कोंडते, त्वचेवर नेहमी वसणारे जंतू तेथे वाढतात आणि दाह सुरू होतो. शंभर किशोरांपैकी ऐंशीहून अधिकांना हा अनुभव कमीअधिक प्रमाणात येतोच. आईवडिलांना तीव्र त्रास झाला असेल, तर मुलांना तो होण्याचा संभव वाढतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही, आणि मनातील विचारांचा तर मुळीच नाही. ‘तोंड धूत नाहीस’, ‘मन शुद्ध ठेव’ असे टोमणे मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरे आहे. दहा वेळा घासून धुतल्याने त्वचा केवळ सोलवटते.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, दात घासण्याची पेस्ट हे पदार्थ त्वचा जाळतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर भाजल्या जागी काळे डाग दीर्घकाळ राहतात. पुटकुळी नखाने फोडणे हे तर व्रणाला स्वतः होऊन दिलेले आमंत्रण आहे. डोक्याला चपचपीत तेल लावून ते कपाळावर ओघळू दिले, तर तेथील रोमकूप बुजतात. ग्वाल्हेरच्या मे-जूनच्या घामात तर अधिकच. मुलतानी माती किंवा बेसन यांनी चेहरा क्षणभर कोरडा वाटतो, पण आतले बूच त्यांनी निघत नाही. आहारात फार गोड आणि मैद्याचे पदार्थ कमी करावेत, असे अलीकडच्या संशोधनावरून दिसते; परंतु मुलाचे ताट रिकामे करून मुरूम बरे झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सर्वांत घातक प्रकार त्या मलमांचा. त्यांत ‘स्टिरॉइड’ जातीचे प्रखर औषध असते. ते दाह दडपून टाकते, म्हणून प्रथम चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, तांबड्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि खुद्द त्या औषधानेच नवे मुरूम उठतात. आपल्या देशात हा प्रकार इतका बोकाळला की, 2018 साली केंद्र सरकारला अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून न विकण्याच्या औषधांत घालावी लागली. तरीही ती हातोहात मिळतात. म्हणून विद्यार्थ्यांनो, नळीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावा. ‘बीटामेथासोन’, ‘क्लोबेटासोल’, ‘मोमेटासोन’ यांपैकी एखादे नाव दिसले, किंवा वेष्टनावर लाल उभी रेघ दिसली, तर ते औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लावावयाचे नाही. आणि जर कोणी ते लावीत असेल, तर त्याने शरमेने लपवू नये. वैद्याला सरळ सांगावे, म्हणजे ते सोडविण्याचा मार्ग तो दाखवील.

खरा उपचार आहे, आणि तो फार गूढही नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे औषध जंतू कमी करते. त्याचे अडीच टक्क्यांचे सौम्य मलमही पुष्कळदा पुरते, मात्र टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांचा रंग ते उडवते. ॲडापलीन हे दुसरे औषध रोमकूपाचे बूच सोडविते. ते रात्री वाटाण्याएवढे घेऊन, केवळ पुटकुळीवर नव्हे, तर पुटकुळ्या उठणाऱ्या सर्व भागावर पातळ लावावयाचे असते. आरंभी त्वचा थोडी कोरडी पडते, आणि गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेकांचा घात येथेच होतो. आठ दिवसांत चमत्कार न झाल्यास ते औषध टाकून देतात आणि चमत्कार दाखविणाऱ्या नळीकडे वळतात. दुखणे अधिक असेल तर वैद्य काही काळ प्रतिजैविके देतात. ती मनाने घेऊ नयेत आणि लांबवू नयेत, कारण जंतू त्यांना दाद देईनासे होतात. अतितीव्र विकारासाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. 1982 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते प्रभावी आहे, पण गर्भाला त्यापासून गंभीर अपाय होतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते घ्यावयाचे. एखाद्या मुलीला मुरूमांबरोबरच मासिक पाळीची अनियमितता किंवा चेहऱ्यावर राठ केस असा त्रास असेल, तर तिला केवळ लेप देऊन भागणार नाही. मातेने तिला तज्ज्ञाकडे न्यावे.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो. विद्यार्थ्याने आरशापुढे उभे राहण्यात वेळ घालवावा काय? अभ्यास सोडून रूपाची चिंता करावी काय? आक्षेप रास्त आहे. पण अनुभव नेमका उलट सांगतो. ज्याच्या दुखण्याकडे कोणी लक्ष देत नाही, तोच दिवसातून दहा वेळा आरसा पाहतो. ज्याला ठाऊक असते की औषध चालू आहे आणि तीन महिने वाट पाहावयाची आहे, तो आरसा ठेवून पुस्तक उघडतो. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण त्याला नखरा म्हणत नाही. मग त्वचेवरील उपचाराला नखरा का म्हणावे? आणि मुलीच्या बाबतीत तर आपला न्याय अधिकच विचित्र आहे : तिच्या वेदनेची चौकशी कोणी करीत नाही, मात्र ‘पुढे स्थळ कसे मिळणार’ ही चिंता तिच्यासमोरच बोलून दाखविली जाते.

आपल्या ग्वाल्हेरात 1946 सालापासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्याशी जयारोग्य रुग्णालय संलग्न आहे. औषधांच्या दुकानाइतके ते जवळ नसेल, तेथे रांगही असेल. पण महिनोन्‌महिने नळ्या विकत घेण्यापेक्षा एक सकाळ रांगेत काढणे स्वस्त पडते. मुलगा बोलताना मान खाली घालू लागला, छायाचित्र टाळू लागला, की त्याला हात धरून तेथे न्यावे, एवढीच पालकांना माझी विनंती आहे. आणि वर्गमित्रांनो, शेजारच्या बाकावरील मित्राच्या गालाविषयी टोपणनावे पाडू नका.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून लेखणी आवरती घेतो. पुष्कळ महिने उपचार घेतल्यावर त्याचा चेहरा बराच निवळला. डाग फिके झाले, दोनचार खड्डे राहिले. यंदाच्या स्नेहसंमेलनात मी त्याला पुन्हा भूमिका देऊ केली. त्याने ती घेतली नाही. पडद्याआड बसून इतरांना संवाद सांगण्याचे काम त्याने मागून घेतले आणि उत्तम पार पाडले. प्रयोग संपल्यावर मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, त्याचे काही नाही.” पण ते म्हणताना त्याने मान खाली घातली नव्हती, एवढे मी पाहिले.