विश्लेषण : टायरवरचा जीएसटी घटला, मग महागडे ‘समर परफॉर्मन्स’ टायर घ्यावेत का?

मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत १० हजार रुपये असलेला टायर पूर्वी १२,८०० रुपयांना पडत होता, तो आता ११,८०० रुपयांना पडतो. चार टायर बदलले तर चार हजार रुपये वाचतात. त्यामुळे साध्या टायरऐवजी एक पायरी वरचे, ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणून विकले जाणारे टायर घ्यावेत का, असा विचार अनेक कारमालक करू लागले आहेत. त्याआधी ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि तासन्‌तास एका वेगाने गाडी चालवणे अनेकांच्या नेहमीच्या प्रवासाचा भाग झाले. पण जास्त पैसे मोजल्यावर नेमके काय मिळते? आणि ते आपल्या रस्त्यांवर उपयोगी पडते का?

‘समर टायर’ म्हणजे फक्त उन्हाळ्याचे टायर?

नाही. हा शब्द युरोपातून आला. तिथे हिवाळ्यात बर्फासाठी वेगळे टायर लावतात, म्हणून उरलेल्या महिन्यांचे ते ‘समर टायर’. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली या टायरचे रबर कडक होते आणि पकड कमी होते. महाराष्ट्रात वर्षभराचा बहुतेक काळ तापमान याच्या वरच असते. म्हणजे आपल्याकडे समर टायर बाराही महिने चालतात.

या टायरचे खरे वैशिष्ट्य उन्हात नव्हे, पावसात दिसते. त्यांच्या रबरात सिलिकाचे मिश्रण असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते. पाणी बाजूला फेकण्यासाठी रुंद, सरळ चर असतात. बाजूची भिंत ताठ असल्याने वळणावर गाडी कमी डोलते. याउलट गाडीसोबत कंपनीतून येणारे बरेचसे टायर कमी इंधन, कमी आवाज आणि जास्त आयुष्य यांचा विचार करून निवडलेले असतात. ते वाईट नसतात, पण त्यांच्या निवडीत पकडीला पहिला मान असतोच असे नाही.

स्पीड रेटिंग जितके जास्त, तितका टायर चांगला?

टायरच्या भिंतीवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे काहीतरी लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची आणि १५ हा रिमचा इंचांमधला व्यास. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत वजन. शेवटचे अक्षर कमाल वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००.

समृद्धी महामार्गावर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १००. म्हणजे कायद्याच्या चौकटीत टी रेटिंगही पुरेसे ठरते. वाय रेटिंगचा टायर घेतला म्हणून १०० च्या वेगात तो आपोआप अधिक सुरक्षित होत नाही. हे अक्षर टायर किती वेगाची उष्णता सहन करतो ते सांगते, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल ते सांगत नाही. मात्र गाडीच्या कंपनीने दिलेल्या रेटिंगपेक्षा किंवा भार निर्देशांकापेक्षा खालचा टायर कधीही लावू नये.

मग पकड कशावरून ओळखायची?

सर्वांत उपयोगी आकडा ओल्या रस्त्यावरील पकडीचा. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. अशा वेळी थांबण्याच्या अंतरातले चार-पाच मीटरही महत्त्वाचे ठरतात. युरोपात टायरवर ओल्या पकडीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी छापणे बंधनकारक आहे. भारतात मिळणारे अनेक परफॉर्मन्स टायर तिथेही विकले जातात, त्यामुळे ही श्रेणी इंटरनेटवर शोधता येते. फक्त ती आपल्याच आकाराची आहे ना, हे पाहावे. एकाच मॉडेलच्या दोन आकारांची श्रेणी वेगळी असू शकते. भारतानेही ओली पकड, फिरताना होणारा रोध आणि आवाज यांसाठी किमान निकष ठरवले असून नव्या रचनेच्या टायरना ते ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. पण हे निकष उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाचे आहेत. दोन उत्तीर्ण टायरपैकी सरस कोणता, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आकडा ‘ट्रेडवेअर’चा. तो जितका कमी, तितके रबर मऊ आणि सहसा आयुष्य कमी. रोजच्या वापराच्या गाडीला २०० किंवा त्याहून कमी ट्रेडवेअरचे, रेसिंग ट्रॅककडे झुकणारे टायर परवडत नाहीत. ते लवकर झिजतात आणि त्यातल्या अनेकांचे चर उथळ असल्याने साचलेल्या पाण्यात गाडी तरंगण्याचा धोका वाढतो. हा आकडा कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडची तुलना करताना तो फक्त अंदाजापुरता धरावा.

मोठे रिम आणि रुंद टायर लावावेत का?

परफॉर्मन्स टायरची बरीच मॉडेल १६ किंवा १७ इंचांपासून पुढे मिळतात. त्यामुळे दुकानात ‘रिमही बदलून टाका’ असा सल्ला मिळतो. अनेक हॅचबॅक गाड्यांत दिसणारा १८५/६५ आर १५ हा आकार बदलून २१५/४५ आर १७ केला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. पण रबराच्या भिंतीची उंची १२० मिलिमीटरवरून ९७ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का शोषणारी उशी तेवढी पातळ होते. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात असे चाक आदळले की भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. भिंतीला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

खर्चाचा भारही मालकावरच पडतो. नेहमीच्या वाहन विम्यात एकट्या टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरची निम्मी रक्कम मिळते. त्यामुळे आकार वाढवायचाच असेल, तर गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जो आकार दिला आहे, तिथे थांबणे शहाणपणाचे.

निवड मर्यादित का वाटते?

केंद्र सरकारने १२ जून २०२० रोजी नव्या टायरची आयात ‘मुक्त’ गटातून काढून ‘निर्बंधित’ गटात टाकली. म्हणजे आयातीसाठी परवाना लागतो. भारतात न बनणाऱ्या, कमी खपाच्या आकारांना याचा फटका बसला. असा टायर दुकानात मिळालाच, तर तो किती दिवस पडून आहे हे तपासायला हवे. भिंतीवरच्या लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षे जुना टायर नव्याच्या भावात घेण्यात अर्थ नाही. आयएसआय चिन्हही पाहावे, भारतात विक्रीसाठी ते बंधनकारक आहे.

महागडा टायर घेतला की टायर फुटण्याची भीती संपते?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. समृद्धीवरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशाजवळ टायर तपासायला सुरुवात केली, तेव्हा भर ब्रँडवर नव्हता, तर झिजलेल्या टायरवर होता. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि लांबच्या, वेगवान प्रवासात टायर आतून उकलू लागतो. हे बारा हजारांच्या टायरचेही होते आणि पाच हजारांच्याही.

म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. प्रवासात तापलेल्या टायरमधली हवा ‘जास्त दिसते’ म्हणून काढू नये. मोटारीसाठी चरांची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच घसरू लागते. काही उत्पादक ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा सल्ला देतात. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागच्या चाकांना लावावेत. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे अवघड असते.

थोडक्यात, घाटात, पावसात किंवा महामार्गावर नियमित प्रवास असेल, तर मूळ आकारातच ओल्या पकडीची वरची श्रेणी असलेल्या टायरवर जादा पैसे खर्च करणे योग्य ठरते. गाडी मुख्यतः शहरात, कमी वेगात चालत असेल, तर मध्यम किमतीचे नवे टायर पुरेसे आहेत. टायर गुळगुळीत झाले असतील, तर मात्र कोणता ब्रँड घ्यावा याआधी ते लगेच बदलणे महत्त्वाचे.