बंदी घातली, मग त्या अजगराचं काय?

अमेरिकेत २०१२ साली सरकारनं बर्मी अजगराची आयात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं बंद केलं. फ्लोरिडाच्या दलदलीत मोकाट सुटलेल्या अजगरांनी तिथले ससे, रॅकून फस्त केले, हे खरं. पण दुसऱ्या राज्यात राहायला निघालेल्या माणसानं घरचा अजगर कुठे ठेवायचा? गुपचूप सोडायचा की मारायचा? राज्याराज्यांतली ती मनाई कायद्यात बसत नाही, असं २०१७ मध्ये अपील कोर्टानं ठरवलं. मला ते पटलं. नोंदणी, परवाना, भक्कम पिंजरा सक्तीचा करा की! अजगर मी पाळणार नाही. त्याच्या खाण्यातच हिंसा आहे. पण पार्श्वनाथ प्रभूंना जळत्या लाकडातल्या नागाचीही करुणा आली. पाळलेल्या जिवाला बेघर करणं ही कसली जीवदया?