आकाशातील जकातनाका

पृथ्वीच्या गोलावर हेलसिंकी आणि टोकियो या शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ सारा रशियावरून जातो. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. २०२२ च्या आरंभापर्यंत फिनलंडचे विमान ते साडेनऊ तासांत कापत असे. त्यानंतर याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागू लागले. शहरे जागची हललेली नाहीत, विमानांचा वेगही घटलेला नाही. फिरली आहे ती मधल्या धन्याची मर्जी.

युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय राष्ट्रांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाने त्याची परतफेड केली. तेव्हापासून फिनिश विमाने उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जपान गाठू लागली. मौज अशी की, १९८३ मध्ये याच कंपनीने सोव्हिएत आकाश टाळून ध्रुवावरून टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हाही सुमारे तेरा तासच लागत.

कायद्याने पाहता रशियाला दोष देणे कठीण आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता दिली. नियमित विमानसेवांना वरून जाऊ देणारा करार वेगळा आहे आणि त्यात रशिया सामील नाही. म्हणूनच सायबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्या वर्षानुवर्षे रशियन विमानकंपनीला मोबदला मोजत आल्या. हा जकातनाकाच, फरक इतकाच की, येथे माल खाली उतरतही नाही.

हेलसिंकीने तर आशियाच्या या जवळच्या वाटेवरच आपला व्यवसाय उभारला होता. मोक्याच्या जागेपासून होणाऱ्या अशा प्राप्तीला अर्थशास्त्रात 'खंड' म्हणतात. परंतु शेजाऱ्याने दार उघडे ठेवले म्हणूनच जागा मोक्याची ठरली, ही बाब ताळेबंदात कोठेच दिसत नाही. चिनी कंपन्यांना ते दार बंद झाले नाही, त्यामुळे युरोपीय कंपन्यांना नुसत्या लांब वाटेशी नव्हे, तर जवळच्या वाटेने जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे लागले.

भारताने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले, एअर इंडियाला नाही. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर तिला आयतीच आघाडी मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पारडे फिरले. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेस उतरून अरबी समुद्रावरून जावे लागले. परकीय कंपन्यांवर मात्र ही बंदी नव्हती. वाढीव इंधनाचा बोजा अखेर भाड्यात उतरतो आणि तो सोसणाऱ्यांत कर्ज काढून परदेशी शिकायला निघालेली मुले व त्यांना भेटायला जाणारे आईवडील हेही असतात.