कोरडे डोळे आणि कॅप्सूलचा भरवसा

डोळ्यांत वाळूचा कण गेल्यासारखे सतत खुपते, दुपारनंतर संगणकाचा पडदा धूसर दिसू लागतो आणि वातानुकूलित कार्यालयातून बाहेर पडताच डोळ्यांतून उलट पाण्याच्या धारा लागतात. ही तक्रार घेऊन औषधाच्या दुकानात गेलेल्या ग्राहकाच्या हाती हल्ली दोन वस्तू पडतात. एक म्हणजे 'कृत्रिम अश्रूं'ची छोटी बाटली आणि दुसरी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची मोठी बाटली. दुसरी पहिलीपेक्षा बरीच महाग असते आणि महिनोन् महिने घ्यावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या महिलांना यापुढे जाऊन 'हार्मोन्सचे संतुलन' राखणाऱ्या पावडरी आणि गोळ्याही सुचवल्या जातात. वृत्तपत्राच्या कार्यालयात रात्रपाळीच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी यांपैकी निदान एक तरी बाटली दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. प्रश्न एवढाच, की यातले किती सिद्ध झालेले आहे?

अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरलेल्या पातळ थरात बुळबुळीत श्लेष्मा असतो, पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते आणि खालच्या पाण्याचे बाष्पीभवन रोखते. त्यामुळे डोळे कोरडे पडण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. एकात पाणीच कमी तयार होते. दुसऱ्यात पाणी पुरेसे असते, पण तेलाचे झाकण नीट नसल्याने ते उडून जाते. अनेक रुग्णांत दोन्ही दोष एकत्र आढळतात. कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहण्याचा विरोधाभासही यातूनच उलगडतो. पृष्ठभाग चुरचुरू लागला की मेंदू घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडतो. मात्र ते पाणी डोळ्यावर टिकत नाही.

तेलाचा थर बिघडतो म्हणजे पोटातून चांगले तेल द्यावे, हा तर्क साधा आणि आकर्षक आहे. त्याला बळ मिळाले ते अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ स्टडी' या मोठ्या पाहणीतून. त्यातील ३२ हजारांहून अधिक महिलांच्या आहाराचे विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आहारात ओमेगा-३ मेदाम्ले सर्वाधिक होती, त्यांच्यात डोळे कोरडे पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळली. आठवड्यातून पाच-सहा वेळा टूना मासा खाणाऱ्या महिलांत तर ती याहून बरीच कमी होती. मात्र ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. भरपूर मासे खाणारी व्यक्ती इतरही अनेक बाबतींत वेगळी जगत असते. बाजाराने हा फरक लक्षात घेतला नाही, आणि पुढील दशकभरात अनेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही या कॅप्सूल दिसू लागल्या.

प्रयोगाचा निकाल

खरी परीक्षा २०१८ मध्ये झाली. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या निधीतून २७ केंद्रांवर झालेल्या 'ड्रीम' या प्रयोगात मध्यम ते तीव्र त्रास असलेले ५३५ रुग्ण होते. त्यांपैकी ३४९ जणांना रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ आणि १८६ जणांना तशाच दिसणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल वर्षभर देण्यात आल्या. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. त्रास मोजण्याच्या १०० गुणांच्या प्रश्नावलीवर ओमेगा-३ घेणाऱ्यांचे गुण सरासरी १३.९ ने उतरले, तर ऑलिव्ह तेलवाल्यांचे १२.५ ने. किमान १० गुणांची सुधारणा पहिल्या गटात ६१ टक्के रुग्णांत झाली, दुसऱ्यात ५४ टक्क्यांत. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. डोळ्यांच्या प्रत्यक्ष तपासण्यांतही दोन्ही गट सारखेच ठरले.

या आकड्यांतील महत्त्वाची गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांतून निसटली. कॅप्सूलने कोणालाच बरे वाटले नाही, असा हा निकाल नाही. बरे अनेकांना वाटले. पण ते दोन्ही गटांत वाटले. या आजाराला चढउतार असतात. थंडीत, कोरड्या हवेत, कामाचा ताण वाढला की तो बळावतो आणि नंतर आपोआप उतरतो. माणूस दुकानात जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर जो उतार पडतो त्याचे श्रेय हातातल्या बाटलीला मिळते. 'मला तर फरक पडला' असे सांगणारा शेजारी खोटे बोलत नसतो.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले आणि ते नोंदवायला हवेत. ऑलिव्ह तेल खरोखर निष्क्रिय मानावे काय, हा त्यातील प्रमुख आक्षेप. कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये ३४ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ओमेगा-३ चा काही उपयोग असू शकेल, पण पुरावा अनिश्चित आणि परस्परविसंगत आहे, असाच निष्कर्ष निघाला. त्यानंतर २०२२ मध्ये 'व्हायटल' या प्रयोगातील २३ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेऊनही डोळे कोरडे पडण्याचे निदान टळले नाही. म्हणजे दार पूर्ण बंद झालेले नाही. मात्र ज्या खात्रीने ही बाटली विकली जाते, तिला आधार नाही. शिवाय मोठ्या मात्रेतील ओमेगा-३ मुळे हृदयाची लय अनियमित होण्याचा धोका काही व्यक्तींत वाढतो, हे हृदयरोगाच्या प्रयोगांतून दिसले आहे. डोळ्यांसाठी म्हणून मनाने ती सुरू करणाऱ्या हृदयरुग्णांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आहारात बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे असावेत याला कोणाचीच हरकत नाही. त्यांचे इतर गुण पुरेसे आहेत. शाकाहारी घरांतील जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असते. मात्र ते वेगळ्या रूपात असते आणि माशांत आढळणाऱ्या रूपात त्याचे रूपांतर शरीरात अल्प प्रमाणातच होते. चटणी जरूर खावी, औषध म्हणून मोजू नये.

आहार आणि कोरडे डोळे यांचे निर्विवाद नाते एकाच ठिकाणी आहे, ते 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावात. या अभावाने मुलांना आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडून अंधत्व येऊ शकते. म्हणूनच भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला. शहरातील पोटभर खाणाऱ्या प्रौढांत हा अभाव क्वचितच आढळतो, आणि अतिरेक यकृताला व गरोदरपणात गर्भाला घातक ठरतो. मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे तर याच जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध. आणि पापण्यांच्या तैलग्रंथींचे काम मंदावून ते डोळे कोरडे करते!

हार्मोन्सचा गुंता

डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण महिलांत अधिक आहे आणि रजोनिवृत्तीनंतर ते वाढते. त्यामुळे शरीरातील इस्ट्रोजेन कमी झाले म्हणून डोळे कोरडे झाले, सबब इस्ट्रोजेन द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण २००१ मध्ये त्याच 'विमेन्स हेल्थ स्टडी'तील २५ हजारांहून अधिक रजोनिवृत्त महिलांच्या माहितीने नेमके उलट चित्र दाखवले. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या महिलांत हा त्रास असण्याची शक्यता, हार्मोन्स न घेणाऱ्यांच्या तुलनेत ६९ टक्क्यांनी अधिक होती. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातील हार्मोन घेणाऱ्यांत २९ टक्क्यांनी. हार्मोन्स जितकी वर्षे घेतली, तितका हा संबंध गडद होत गेला.

याचे एक स्पष्टीकरण अँड्रोजेनमध्ये सापडते. 'पुरुषी' म्हणून ओळखली जाणारी ही हार्मोन्स महिलांच्या शरीरातही असतात आणि तैलग्रंथींचे काम बऱ्याच अंशी त्यांच्या प्रभावाखाली चालते. वयानुसार ती घटतात आणि तेलाचा थर बिघडतो. मात्र म्हणून टेस्टोस्टेरॉन घ्यावे, असा प्रस्थापित उपचार आजही नाही.

हा मुद्दा आत्ताच महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी प्रयोगाने हार्मोन उपचारांचे धोके पुढे आणल्यावर त्यांचा वापर झपाट्याने घटला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक इशारे काढण्याचे पाऊल जाहीर केले. हे उपचार पुन्हा चर्चेत आले असून त्यांच्यासोबत सर्व तक्रारींवर एकच उत्तर सांगणाऱ्या जाहिरातीही येतील. अंगातून वाफा निघणे, हाडांची झीज यांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोन घेणे हा स्वतंत्र निर्णय आहे. डोळे मात्र त्यासाठीचे कारण होऊ शकत नाहीत, आणि उपचार सुरू केल्यावर डोळे अधिक चुरचुरू लागले तर ते डॉक्टरांना सांगायला हवे.

या साऱ्यात खरे नुकसान पैशांचे नाही, वेळेचे आहे. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात एका आजाराचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळ ग्रंथींवर हल्ला करते. रुग्णांत महिलांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट असते. डोळ्यांबरोबर तोंड कोरडे पडणे, घास पाण्याशिवाय न गिळणे, दात झपाट्याने किडणे, सांधे दुखणे ही त्याची लक्षणे. यातील काही रुग्णांना पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग होण्याची जोखीम असते, म्हणून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. अशा महिलेने 'रजोनिवृत्तीमुळे होते' असे मानून दोन वर्षे कॅप्सूल घेतल्या, तर ती दोन वर्षे परत येत नाहीत. थायरॉइडचे विकार तसेच सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरील काही गोळ्या हीदेखील नेहमीची कारणे आहेत, आणि त्यातली कित्येक नुसत्या चौकशीतून उघड होतात.

भारतात हा आजार किती, याचे उत्तर मोजणाऱ्यावर अवलंबून आहे. उत्तर भारतात एम्सच्या नेत्रतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयीन पाहणीत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के निघाले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पुढच्याच वर्षी सुमारे साडेचौदा लाख नव्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे निदान दीड टक्क्यापेक्षाही कमी रुग्णांत झालेले आढळले. एका ठिकाणी भर लक्षणांच्या प्रश्नावलीवर होता, दुसरीकडे डॉक्टरांनी नोंदवलेल्या निदानावर. चुरचुरणारा प्रत्येक डोळा आजारी ठरवायचा की नाही, यावर बाजारपेठेचा आकार ठरतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचा मजकूर छापावाच लागतो. तो वाचायला चांगले डोळे लागतात, हा भाग वेगळा.

जे उपाय बिनखर्चाचे आहेत, त्यांची जाहिरात कोणी करत नाही. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये मोजले, तेव्हा निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होता, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर केवळ ७ वेळा. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवणे, वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर न घेणे, तैलग्रंथी तुंबल्या असतील तर पापण्यांवर रोज काही मिनिटे कोमट शेक देऊन कडा स्वच्छ करणे, यांनी अनेकांना आराम पडतो. थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत. गुलाबपाणी, मध, एरंडेल डोळ्यांत घालण्याचे प्रयोग मात्र टाळावेत.

आणि पाणी कमी आहे की तेल, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्यासाठी पापणीच्या आत टीपकागदाची अरुंद पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते हे पाहतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही वापरात आहे. तिच्या जोडीला अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो, हे रंगाचा थेंब घालून पाहिले जाते. दोन्ही तपासण्या डॉक्टरांच्या खोलीतच, एका भेटीत होतात.