मेगावॉटचा गवगवा

वाशी-भूमच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि धाराशिव जिल्ह्यात ‘मेगावॉट’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आता ५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचा नुसता नारळ फुटला, तरी भाषणात हिशेब तयार असतो: एवढा कार्बन वाचला, म्हणजे एवढी लाख झाडं लावली. हा हिशेब बहुतेक वेळा पायातच चुकलेला असतो.

विहिरीवर साडेसातची मोटर बसवली, एवढ्यावरून पाणी किती उपसलं हे कुणी सांगेल का? मोटर किती तास चालली, हे आधी विचारावं लागतं. मेगावॉट हा असा मोटरीचा जोर. बिलावर येतं ते युनिट. एक किलोवॉटचा भार तासभर चालला की एक युनिट. पाच एचपीचा पंप ३.७ किलोवॉटचा, तेव्हा आठ तास दारं धरली की ३० युनिट गेलेच.

५० मेगावॉटला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणलं, की ४३.८ कोटी युनिट होतात. भाषणातला आकडा हाच. पण रात्र, ढग आणि धूळ वजा जाता सौर प्रकल्पाच्या पदरात साधारण १९ टक्केच पडतं, म्हणजे ८.३ कोटी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रीडवर एका युनिटामागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा खरी बचत वर्षाला ६० हजार टनांची, आणि मिरवली जाते ती तीन लाखांवर. झाडांचं तर बोलायलाच नको. कोणतं झाड, किती वर्षांचं, आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात ते जगलं का, हे कुणी सांगत नाही.

एवढं ऐकून काहींना लगेच चेव येतो: बघा, सौर म्हणजे थोतांडच! तेही खोटं. ६० हजार टन ही काही थट्टा नाही. पॅनेल बनवतानाच कार्बन निघतो म्हणावं, तर तो पॅनेलच्या आयुष्यभराच्या विजेवर वाटला की युनिटामागे ४०-५० ग्रॅम भरतो. कोळशाच्या युनिटामागे किलोच्या आसपास. पावसाळ्यात ऊन नसतं हे खरं, पण आषाढ-श्रावणात बालाघाटच्या माथ्यावर वारा सुटतो तो त्याच दिवसांत. रात्रीची अडचण मात्र खरीच आहे. साठवणूक वाढेपर्यंत कोळसा सुटणार नाही, हे सौरवाल्यांनीही कबूल करावं.

माझा खरा आक्षेप सौरपंपांच्या हिशेबाला आहे. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं विंचू-काट्यातलं दारं धरणं टळतं. एवढ्यावरही योजना योग्यच ठरते. पण फेब्रुवारीनंतर विहीर आटली की ग्रीडला न जोडलेला पंप उन्हात नुसता उभा असतो. न झालेल्या युनिटांचा कार्बन वाचत नाही. याउलट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला प्रकल्प उपकेंद्राला जोडलेला असतो. पंप बंद असले तरी त्याची वीज दुसऱ्या कुणाच्या कामी येते. दोन्हींचे मेगावॉट एका बेरजेत घालणं ही शुद्ध फसवणूक आहे. पवनचक्कीच्या विजेचं हरित श्रेय दूरच्या कारखान्याने विकत घेतलं असेल, तर तेच जिल्ह्याच्या खात्यावर पुन्हा मांडणं हीदेखील.

आणि ज्या बचतीबद्दल बोलायला हवं, ती या भाषणांत सापडतच नाही. पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ साली बंद ठेवावं लागलं होतं. कोळशावरच्या जुन्या केंद्रांना सरकारी निकषाने एका युनिटामागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. त्या हिशेबाने ८.३ कोटी युनिटांमागे वर्षाला २९ कोटी लिटरपर्यंत पाणी वाचतं. पॅनेल धुवायला लागतं तेवढं त्यातून खुशाल वजा करा.