सर्वोत्कृष्ट सून कोण?

घट उठले, रब्बीची ज्वारी पेरून झाली, की टी.व्ही.वर बक्षिसांचा हंगाम सुरू होतो. झी मराठीचा 'उत्सव नात्यांचा' बहुधा दिवाळीच्या आगेमागे असतो. स्टार प्रवाहनेही २०२१ सालापासून आपला 'परिवार पुरस्कार' सुरू केला. सोहळ्याच्या आधी पडद्यावर नामांकने झळकू लागतात. नायक, नायिका, जोडी, सासू, सून, खलनायिका, आणि सगळे मिळून कुटुंब. आवडत्या नावाला मोबाइलवरून मत द्यायचे. दूध घालायला डेअरीवर जमलेल्या गड्यांत हा विषय चहाच्या घोटापुरता निघतो. कांदे लावायला वाकलेल्या बायांत मात्र तो दिवसभर पुरतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्या वाहिनीचा सोहळा, तिच्याच मालिका तिथे उभ्या असतात. आपल्याच रानात आपल्याच बैलांची शर्यत लावावी, तसा हा प्रकार. कुठलाही बैल पुढे आला तरी ढाल मालकाच्याच घरी. म्हणून तिथे कुणाला काय मिळाले यावर फार जीव टाकू नये. पण कुणाला मिळायला हवे होते, हे बोलायला आपल्याला कोण अडवणार? मालिका आपण बघतो, वीजबिलही आपणच भरतो.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागले. तेव्हा असली भानगड नव्हती. एकच वाहिनी, 'आमची माती आमची माणसं'मध्ये खतापाण्याची माहिती, आणि पुढे 'चिमणराव'. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ लोकांनी मत न देताच डोक्यावर घेतले. असो. गेलेले पाणी कालव्यात परत येत नाही.

मला बोलायचे आहे ते 'सर्वोत्कृष्ट सून' या बक्षिसाबद्दल. हे बक्षीस पडद्यावरच्या नटीला मिळते, पण त्याचा हिशेब मागितला जातो आपल्या ओसरीवर. गेल्या हंगामात शेजारच्या मामींकडे बसले होते. नामांकने चालू होती. मामी म्हणाल्या, "बघ गं, सून असावी तर अशी. एवढं बोलत्यात तिला, पर कधी उलटून बोलली का?" त्यांची सून नुकतीच रानातून आली होती, पायाचा चिखल धूत होती. ती तिथूनच म्हणाली, "आत्या, तिला पहाटंची धार काढावी लागत न्हाई. म्हणून तिला गप बसाया जमतंय." मामींनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. हसू तर तिघींनाही येत होते.

त्या पोरीचे काय चुकले? मालिकेतली सून ओट्यापाशी उभी असते ती भरजरी साडीत. तिच्या हाताला कधी उसाच्या पाचटाचे चरे दिसत नाहीत. ती सोसते, रडते, माफ करते, आणि पुढच्या भागात पुन्हा सोसते. या सोसण्यालाच आपण गुण म्हणून मत देत बसलो, तर उद्या घरच्या सुनेने मजुरीचा, औषधाच्या पैशांचा किंवा माहेरी जाण्याचा शब्द काढला की ती लगेच 'नापास'. मी म्हणते, सुनेला बक्षीस द्यायचेच असेल तर तिने काय सोसले ते बघू नका, तिने काय सांभाळले ते बघा. आणि त्या मापाने पाहिले तर गेल्या आठदहा वर्षांत माझ्या मते एकच सून पहिली येते. ती कुठल्या बंगल्यातली नाही. ती रायगडावरची.

'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली. शिरूर आणि दौंडच्या माणसाला ती परक्याची गोष्ट वाटलीच नाही. शंभूराजांची समाधी वढू बुद्रुकला, म्हणजे शिरूर तालुक्यातच. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडल्यावर राजांना आणि कवी कलशांना औरंगजेबापुढे आणले ते पेडगावच्या बहादूरगडावर. दौंड तालुक्याच्या काठावर उभे राहिले, की भीमेच्या पलीकडे, श्रीगोंद्याच्या हद्दीत तो किल्ला येतो. ११ मार्च १६८९ ला त्यांची हत्या झाली. फाल्गुन अमावास्येला वढूला आणि तुळापूरला माणसे लोटतात, ती मालिका येण्याआधीपासून. म्हणून शेवटचे भाग चालू होते तेव्हा आमच्याकडे कित्येक घरांत आधी टी.व्ही. पुढे उदबत्ती लागायची आणि मग ताटे वाढली जायची.

शंभूराजे झाले होते डॉ. अमोल कोल्हे. गडी नारायणगावचा, म्हणजे शेजारच्या जुन्नर तालुक्यातला. २००८ साली स्टार प्रवाहवरच्या 'राजा शिवछत्रपती'मध्ये तेच शिवाजी महाराज होते. मालिका चालू असतानाच, २०१९ साली, ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. २०२४ मध्ये पुन्हा गेले. दौंडकरांची मात्र पंचाईत! दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात. त्यांना कोल्ह्यांना मत द्यायचे तर ते फक्त मोबाइलवरून. राजकारणातले मत ज्याचे त्याने त्यांच्या कामाकडे बघून द्यावे, त्यात मी पडत नाही. पण नट म्हणून विचाराल तर त्यांचा आवाज आणि पल्लेदार बोलणे वजनाचे होते यात शंका नाही. तरीही माझ्या यादीत पहिले बक्षीस त्यांचे नाही. कारण सांगते. शंभूराजांची भूमिका करणाऱ्याला निम्मे गुण राजांच्या नावानेच मिळतात. ज्याला बघून माणूस हात जोडतो, त्याच्या कामाचे माप तो कसे काढणार? खरी कसोटी असते ज्यांना आयते प्रेम मिळत नाही त्यांची.

त्यात पहिल्या सोयराबाई. स्नेहलता वसईकरांनी ते काम केले. बायका त्यांच्या नावाने बोटे मोडायच्या. आमच्या मामी तर त्या पडद्यावर आल्या की, "आली बघ," म्हणून भाकरी थापायला उठायच्या. मला मात्र त्या बाईचे काम बघताना प्रत्येक वेळी वाटायचे की ही नुसती दुष्ट नाही, ही एका पोराची आई आहे. थोरल्याच्या नावावर सगळे झाले तर माझ्या धाकट्याचे काय, हा घोर तिला लागला आहे. सातबाऱ्याच्या तंट्यात हाच घोर कितीतरी घरांत बघायला मिळतो. शिवाजी महाराज १६८० च्या एप्रिलमध्ये गेल्यावर राजारामांना गादीवर बसवण्याचा जो घाट घातला गेला, त्यात सोयराबाईंना त्यांचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते यांनीही साथ दिली नाही. सरसेनापती भाच्याचे सोडून शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले. भावानेच पाठ फिरवल्यावर त्या बाईचे काय झाले असेल? खलनायिकेचे बक्षीस हा शब्द त्या कामाला तोकडा पडतो. ते नायिकेच्या तोलाचे काम होते.

दुसऱ्या येसूबाई. हे काम प्राजक्ता गायकवाड हिने केले. वयाने लहान पोरगी, पण डोळ्यांत पाणी आणून मत मागण्याचा मार्ग तिने धरला नाही. कारभाराचे बोलणे आले की तिचा आवाज वेगळा लागायचा. आणि ती सून होती कशी, ते इतिहासातच बघा. शंभूराजे मोहिमेवर असताना कारभार पाहण्याचा अधिकार तिच्याकडे होता, तिच्या नावाचा शिक्का होता. राजे पकडले गेले तेव्हा पोटचा मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. गादीवर त्याचा हक्क होता. पण राज्य वाचवायचे तर हाती तलवार धरू शकेल असा माणूस पुढे हवा, म्हणून राजारामांना पुढे करण्याला तिने मान्यता दिली. राजाराम कोण? ज्या सासूने तिच्या नवऱ्याची गादी अडवायचा प्रयत्न केला, त्या सोयराबाईंचाच मुलगा. सासूला जे कट करून साधले नाही, ते सुनेने स्वतःच्या मुलाला मागे ठेवून दिले. राजाराम गडाबाहेर निघून गेले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई शाहूसह मोगलांच्या कैदेत गेली. शाहू सुटले १७०७ मध्ये. ती मात्र थेट १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या मोहिमेनंतर परत आली. तीस वर्षे! आपल्याकडे सून माहेराहून दोन दिवस उशिरा आली तरी केवढा गहजब होतो.

मालिका राजांच्या बलिदानापाशी थांबली. ते तिच्या नावाला धरूनच झाले, तक्रार नाही. लेखक प्रताप गंगावणे आणि दिग्दर्शक कार्तिक केंढे यांनी एवढा मोठा पसारा अडीच वर्षे ओढला हे थोडे नव्हे. पण कुणी पुढची तीस वर्षे दाखवील तर मी दुभत्या म्हशीचे काम थांबवून बघेन. जाताजाता प्रतीक्षा लोणकरांच्या जिजाऊंचेही नाव घेते. आपल्यापैकी पुष्कळजणींनी त्यांना दूरदर्शनच्या 'दामिनी'मध्ये पत्रकार म्हणून पाहिलेले आहे.

आता सासू-सून बाजूला ठेवून आजीच्या बक्षिसाकडे येते, कारण तिथे माझ्या मनात दुसरे नावच नाही. 'लागिरं झालं जी' ही २०१७ साली सुरू झालेली सातारकडची मालिका. फौजेत जायचे वेड घेतलेला अज्या आणि त्याची शीतल. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी आहेत. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्याने पळणारी पोरे-पोरी आम्ही रोज बघतो, म्हणून अज्या आम्हाला घरचाच वाटला. त्याचे काम नितीश चव्हाणने केले, शीतलचे शिवानी बावकरने. पण मालिकेचा जीव होती जीजी. कमल ठोके या कराडकडच्या बाई. आधी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे पदर खोचणे, कपाळाला हात लावणे, नातवाला घातलेल्या शिव्या, हे काही शिकवून येत नाही. तेजपाल वाघ यांनी लिहिलेले बोलणेही आपल्या तोंडचे होते, पुस्तकातले नव्हे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कमलबाई गेल्या, तेव्हा जीजी गेली म्हणून आमच्याकडे बाया हळहळल्या. बक्षिसाची बाहुली याहून मोठी काय असणार?

'तुझ्यात जीव रंगला'चा राणादा शेतकरी म्हणून दाखवला, कुस्तीगीर म्हणून दाखवला. हार्दिक जोशीने तो भोळेपणा छान धरला होता. कोल्हापूरकडची हिरवीगार शिवारे बघून आमच्या शिरूरच्या माळावरच्या माणसाला हेवाही वाटला. पण मला एक सांगा, आपल्या मालिकांतल्या शेतकऱ्याच्या घरात कांद्याचा भाव पडल्यावर रात्री जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही, असा प्रसंग तुम्हाला किती वेळा दिसला? रात्रीची लाइट आली म्हणून नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन बारे द्यायला गेलेली बाई किती वेळा दिसली? तसे काम कुणी लिहिले आणि कुणी केले, तर नामांकनाची वाट न बघता मी तिला मत देईन.

मताचेही एक बोलायला हवे. मामींच्या घरी मोबाइल दोन, एक लेकाकडे आणि एक नातवाकडे. सोहळ्याच्या आधी मामी म्हणाल्या, "आमच्या घरचं मत गेलं बघ." मी विचारले, "कुणाला दिलं, मामी?" तर म्हणाल्या, "मला काय ठावं? पोरानं दाबलं." मालिका रोज संध्याकाळी बघतात मामी आणि त्यांची सून, आणि बटण दाबतो तो, जो त्या वेळी पारावर असतो.

तेव्हा यंदा असे करू. नायक-नायिका राहू द्या. सून, सासू, आजी आणि खलनायिका, एवढी चारच नावे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. जुन्या-नव्या कुठल्याही मालिकेतली चालतील. नावापुढे कारण लिहा, एक ओळ पुरे. ज्या घरात सासू आणि सून दोघी आहेत त्यांनी दोन वेगळी कार्डे पाठवावीत, आणि एकमेकींचे कार्ड वाचू नये. मामींनी त्यांचे लिहायला घेतले आहे. सोयराबाईंचे नाव त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले, एवढे मला दिसले आहे.