72 तास आणि आपली ‘इज्जत’

आपल्या मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलीवर अत्याचार झाला, तर घरात पहिला सवाल येतो इज्जतीचा. मग मामूंना फोन, जमातीत कुजबुज, आणि दोन दिवस उलटतात. पण गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात.

दुसरा अडसर दवाखान्यात: “आधी पोलिसांचा कागद आणा.” हे बेकायदा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार सरकारी-खासगी प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब, मोफत उपचार द्यायचेच. पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम. उपचार नाकारले तर न्याय संहितेचं कलम 200: वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘दोन बोटांची चाचणी’ करणं हे गैरवर्तन, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये बजावलं आहे.

दोस्तांनो, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर सवाल-जवाब नकोत. तिच्या मर्जीने गाडी काढा, मालवणचं ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा, एखाद्या आपाला सोबत घ्या. बुजुर्गांची बैठक नंतरही भरेल. आणि बैठकीत तिच्या इज्जतीची चर्चा निघाली, तर उठून सांगा: गुन्हा ज्याने केला, त्याच्या इज्जतीचं बोला.